दुसरा आधार

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीतला पंप काचेवरून सुटला.

तो पूर्ण सुटून तळाशी पडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याला काचेला धरून ठेवणाऱ्या चार रबरी वाट्यांपैकी तीनच सुटल्या. चौथी चिकटून राहिली, आणि त्या एका वाटीवर गिरकी घेऊन पंपाने तोंड छताकडे केलं. टाकीत लाटा उठवणं हे त्याचं काम होतं आणि ते त्याने थांबवलं नाही. मनगटाएवढ्या जाड धारेने पाणी उडालं, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवर आदळलं, तिथून विजेच्या बटणांच्या पाटीवर ओघळलं, आणि सगळं घर अंधारात गेलं. वीज गेल्यामुळे पंपही थांबला. एवढी एक गोष्ट त्या सकाळी वेळेवर झाली.

घराचे मालक बनियनवर बाहेर आले आणि ओल्या फरशीवरून घसरत थेट टाकीपर्यंत पोचले. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. तिने आधी फोटोकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. फोटोतल्या नवरदेवाच्या नाकावरून थेंब पडत होता. "पुसून घ्या," ती म्हणाली. कुणाला, ते तिने सांगितलं नाही.

या गृहस्थांना इमारतीत सगळे फलकसाहेब म्हणत. शहराच्या कार्यालयात जो फलक विभाग आहे, त्यात ते निरीक्षक होते. दुकानांवरच्या पाट्या, बाहेर लटकणारे दिवे, गच्चीवरच्या जाहिराती नीट बसवल्या आहेत की नाहीत, हे शिडीवर चढून बघणं त्यांचं काम. बघण्याची पद्धत साधी होती. ते पाटी दोन्ही हातांनी धरत, एकदा पुढे ओढत, एकदा मागे ढकलत, आणि खाली उभ्या असलेल्या दुकानदाराकडे न बघता म्हणत, "हलतोय." त्या एका शब्दानंतर पाटी उतरवावी लागे. शिवाय त्यांच्या विभागाचा एक नियम होता, आणि तो त्यांच्या अंगी इतका भिनला होता की घरात कॅलेंडर टांगतानाही आठवे: उंचावर लावलेल्या प्रत्येक वस्तूला दुसरा आधार हवा. पहिला सुटला तर दुसऱ्याने धरलं पाहिजे. एवढी वर्षं त्यांनी तपासलेली एकही पाटी कुणाच्या डोक्यात पडली नव्हती. अशा माणसाच्या घरात मुठीएवढा पंप रबरी वाट्यांवर टांगलेला होता, ही गोष्ट बाहेर कळू नये असं त्यांना वाटणं साहजिक होतं.

ती सव्वासहाच्या सुमारास बाहेर कळली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक हातात कप घेऊन वर आले. कपात त्यांच्या छतातून गळलेलं पाणी होतं.

"मी चाखून पाहिलं," ते म्हणाले. "खारट आहे."

फलकसाहेबांनी कपात डोकावून पाहिलं.

"नळ गळतो, गच्ची गळते, हे मी समजू शकतो. माझ्या घरात समुद्र गळतोय. याची काही कल्पना द्याल का?"

मुख्याध्यापक ओरडत नसत. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहून त्यांना एक गोष्ट कळली होती, की उत्तर येईपर्यंत नुसतं बघत राहिलं की समोरचा खचतो. फलकसाहेब खचले. त्यांनी टाकी दाखवली, पंप दाखवला, सुटलेल्या वाट्या दाखवल्या. मुख्याध्यापकांनी एक वाटी काढून अंगठ्याने दाबली आणि रबर कडक झालंय असा शेरा दिला. तो शेरा बरोबर होता, हे फलकसाहेबांना त्या क्षणी मान्य करणं जड गेलं.

आता ही टाकी त्यांच्या घरात का होती, ते सांगणं भाग आहे. टाकी त्यांच्या मुलीची. तिने ती स्वतः उभी केली, दगड रचले, पाण्यात मीठ मोजून घातलं, आणि दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे व एक समुद्रफूल आणलं. समुद्रफूल नावालाच फूल; तो एक प्राणी आहे, आणि त्याच्या हलत्या बोटांमध्ये ते दोन मासे घर करून राहतात. वडिलांनी या उद्योगाला पहिल्या दिवसापासून नावं ठेवली होती. मग मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि तिथल्या भाड्याच्या खोलीत टाकी ठेवायला परवानगी नव्हती. आईने स्पष्ट सांगितलं की तिला माणसांचं करता करता पुरे होतं. मुलगी निघायच्या दिवशी, बॅगा जिन्यात गेल्यावर, फलकसाहेब कुणी न विचारता बोलून गेले, "मी बघतो."

तोवर बापलेकीचं बोलणं आईमार्फत चाले. "बाबांना सांग" आणि "तिला म्हणावं" या दोन वाक्यांवर त्यांनी बरीच वर्षं काढली होती. ती गेल्यापासून मात्र तिचा फोन थेट त्यांना येऊ लागला. पाणी किती गरम आहे, मासे खातात का, फूल उमललंय का. कधी कधी ती शेवटी विचारे, "आणि तुम्ही जेवलात का?" फलकसाहेबांनी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते मोबाइल टेबलावर उताणा ठेवून बसत आणि दुसऱ्या कुणाचा फोन आला की त्यांचा चेहरा पडे. त्यांच्या दृष्टीने टाकीत काय काय होतं, हे यावरून कळावं.

म्हणून मंगळवारी दुपारी तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "स्थिती समाधानकारक आहे."

"पंप?"

"जागेवर आहे."

हे खोटं नव्हतं. पंप त्या वेळी बादलीत होता, आणि बादली जागेवर होती.

संध्याकाळी सल्ले सुरू झाले. पहिला इमारतीच्या समितीच्या सेक्रेटरींचा. ते पेशाने दंतवैद्य होते आणि दवाखान्यातून परस्पर वर आले ते आधी अधिकृत कामासाठी. मुख्याध्यापकांनी तोंडी तक्रार केली होती. तोंडी तक्रार समितीकडे घेता येत नाही. पण ती आल्याचं समितीला कळलं आहे, हे कळवणं सेक्रेटरींचं कर्तव्य होतं. ते कर्तव्य बजावून झाल्यावर त्यांनी चष्मा बदलला आणि टाकीत डोकावून पाहिलं. त्यांचं मत असं, की हा प्रश्न मुळात कवळीचा आहे. गुळगुळीत पृष्ठभाग, सतत ओलावा, वरून हालचाल. तोंडात हेच असतं. कवळी बसवायची पेस्ट त्यांच्या खिशातच होती.

मुख्याध्यापकांचं म्हणणं, वाट्या उकळत्या पाण्यात टाकाव्यात, रबर पुन्हा मऊ होतं. फलकसाहेबांच्या बायकोचं म्हणणं, पंप बादलीतच बरा आहे. तिन्ही मतांचा आदर करून फलकसाहेबांनी वाट्या उकळल्या, पुसल्या, पेस्ट लावली, काचेवर दाबल्या आणि पंप दोन्ही हातांनी धरून एकदा ओढला, एकदा ढकलला. हलला नाही. दंतवैद्य म्हणाले, दोन तास काही खायला देऊ नका. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते आपणच हसले.

पेस्टचा पातळ पांढरा तवंग सकाळपर्यंत सगळ्या टाकीवर पसरला होता आणि पुदिन्याचा वास येत होता. पंप मात्र धरून होता. मासे समुद्रफुलात तोंड खुपसून बसले होते. फलकसाहेबांनी अर्धं पाणी बदललं. त्यासाठी मीठ विरघळवणं, ते मोजणं आणि बादल्या वाहणं आलं, आणि त्यात ते आयुष्यात पहिल्यांदा कामावर उशिरा पोचले. शिपायाने त्यांच्या शर्टाचा वास घेतला आणि दात दुखतोय का म्हणून विचारलं.

तरीही मनाला टोचणी होती. पंपाला एकच आधार होता. नियम सगळ्यांना सारखा, आणि आपल्या घराला वगळायचं असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. गुरुवारी सकाळी कामाला निघण्यापूर्वी त्यांनी नायलॉनची दोरी घेतली, एक टोक पंपाला बांधलं आणि दुसरं टाकीच्या वर असलेल्या पडद्याच्या दांडीला. गाठ पक्की होती. दांडी त्यांनीच दहाएक वर्षांपूर्वी भिंतीत बसवली होती, त्यामुळे ती तपासायचा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही.

साडेअकराच्या सुमारास ते एका औषधांच्या दुकानासमोर शिडीवर होते आणि खाली सात-आठ माणसं मान वर करून उभी होती. खिशातला मोबाइल वाजला. हात पाटीवर होते म्हणून त्यांनी मदतनिसाला तो कानाशी धरायला सांगितलं. मदतनिसाचा हात तिथवर पोचेना, तेव्हा त्याने स्पीकर लावला.

"अहो," बायकोचा आवाज रस्त्यावर स्पष्ट ऐकू आला, "तुमचा दुसरा आधार पहिल्याला घेऊन खाली आलाय."

झालं होतं ते असं. पेस्ट विरघळली, वाट्या सुटल्या आणि दोरीने पंपाला अधांतरी पकडलं. इथपर्यंत नियमाचा विजय होता. पण पंप चालू होता. दोरीला टांगलेला चालू पंप एका जागी राहत नाही. तो टाकीभर पिसाळल्यासारखा फिरला. वाळू उपसली, रचलेले दगड पाडले, हीटरला दोन धडका दिल्या. दर हेलकाव्याला वर दांडीला हिसका बसत होता. शेवटी दांडीचा भिंतीतला खिळा आला, दांडी आली, पडदा आला, आणि पडद्याचा अर्धा भाग टाकीत गेला. बायकोने पंपाची पिन काढली, पडदा बाहेर ओढला, आणि मगच फोन लावला. इतक्या सगळ्यात तिचा आवाज चढला नव्हता, आणि फलकसाहेबांना लागलं ते हेच.

औषधांच्या दुकानदाराने खालून विचारलं, "साहेब, माझी पाटी हलतेय का?"

"नाही," फलकसाहेब म्हणाले आणि उतरले.

घरी आल्यावर टाकीत पाणी आहे की दुधाचा चहा, हे सांगणं अवघड होतं. हळूहळू वाळू खाली बसली. एक मासा दिसला. बऱ्याच वेळाने दुसरा दिसला, तेव्हा बायको म्हणाली, "आहे, आहे, तो बघा," आणि मग आपण हे बोललो म्हणून तिला स्वतःचाच राग आल्यासारखा दिसला. समुद्रफूल आक्रसून सुपारीएवढं झालं होतं, पण आपल्या दगडाला धरून होतं. आणि त्याच वेळी मुलीचा फोन आला, तोही चेहरा दिसणारा.

फलकसाहेबांनी मोबाइल आधी स्वतःकडे धरला, मग खिडकीकडे, मग पुन्हा स्वतःकडे.

"बाबा, टाकी दाखवा."

त्यांनी दाखवली.

"पंप कसा लावला होता?"

त्यांनी सगळं सांगितलं. पेस्टसुद्धा. कार्यालयात अपघाताचा अहवाल देतात तसं, क्रमाने, स्वतःला 'सदर इसम' म्हणायचं तेवढं बाकी ठेवून.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "रबरी वाट्यांवर भागणारच नाही आता," ती म्हणाली. "लोहचुंबकाचा पंप येतो. अर्धा भाग काचेच्या आत, अर्धा बाहेर, दोघं एकमेकांना धरतात. बाजाराच्या मागे एकच दुकान आहे त्याचं. आधी दारावर मोठा लाकडी मासा होता, आता कुणीतरी काढायला लावलाय म्हणे, त्यामुळे शोधावं लागेल." मग म्हणाली, "मी रविवारी येतेय. बघू काय ते. तुम्हाला जमत नसेल ना, तर माझी मैत्रीण टाकी न्यायला तयार आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, बाबा."

"जमतंय," फलकसाहेब म्हणाले.

लाकडी मासा त्यांनीच काढायला लावला होता. त्यांना तो चांगला आठवत होता. निळा, माणसाएवढा लांब, एकाच लोखंडी कडीवर टांगलेला. वारा आला की शेपूट हलवायचा.

शुक्रवारी संध्याकाळी ते बाजाराच्या मागे दोनदा चुकले. रंगाचं दुकान, शिवणयंत्रांचं दुकान, मग एक बिननावाचं दार. आत हिरवा उजेड, पाण्याची बुडबुड, आणि गल्ल्यामागे भिंतीला टेकून ठेवलेला तो मासा. त्याचा रंगवलेला डोळा बरोबर गिऱ्हाइकावर रोखलेला होता.

"या साहेब," दुकानदार म्हणाला. "दुकान सापडलं?"

फलकसाहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि लोहचुंबकाचा पंप मागितला. दुकानदाराने काचेची जाडी विचारली. ती त्यांना माहीत नव्हती. त्यांनी घरी फोन केला, बायकोने मोजपट्टी शोधली, काच मोजली आणि सांगितली. मग दुकानदाराने टाकी भिंतीपासून किती लांब आहे, ते विचारलं. पुन्हा फोन. मग पंप कुठल्या हाताला लावणार, डाव्या की उजव्या. तिसऱ्या फोनला बायको म्हणाली, "त्यालाच जेवायला बोलवा." एकेक खुलासा मागवून अर्ज परत पाठवण्याची ही पद्धत फलकसाहेबांना अनोळखी नव्हती. फक्त गल्ल्याच्या या बाजूने ती त्यांनी कधी पाहिली नव्हती.

अखेर खोकं समोर आलं.

"हा बसवायचा कसा?" फलकसाहेबांनी विचारलं.

दुकानदार खोक्यावरची धूळ पुसत शांतपणे म्हणाला, "बरोबर काय ते सांगणं आमच्या कामात येत नाही."

हे वाक्य फलकसाहेबांचं होतं. शब्दन् शब्द. याच दुकानासमोर, शिडीच्या वरच्या पायरीवरून, "मग टांगायचा कसा साहेब?" या प्रश्नाला त्यांनी तेच उत्तर दिलं होतं, आणि ते नियमानुसार होतं, कारण विभागाने हलतंय की नाही एवढंच सांगायचं असतं. उद्या आपण सांगितलेल्या पद्धतीने लावलेली पाटी पडली तर कोण जबाबदार, हा प्रश्न त्यात असतो. विभागातल्या सगळ्यांना हे पटलेलं होतं. आत्ताच ते कसंतरी वाटत होतं.

दुकानदाराने माशाच्या डोळ्यावरची धूळही पुसली.

"लोक परत जातात हो," दुकानदार म्हणाला. आवाजात आता टोमणा नव्हता. "मी संध्याकाळी रस्त्यावर उभा राहून हात करतो. बायको म्हणते, तुम्हीच निळा रंग लावून घ्या."

फलकसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. विभागाचं कुणी नव्हतं. "त्या कडीच्या जोडीला वरून साखळी घ्यायची," ते हळू आवाजात म्हणाले. "पण त्याच खिळ्यातून नाही. वेगळ्या ठिकाणी, विटेत, चुन्यात नाही. आणि शेपटीला खालून एक पट्टी. म्हणजे वाऱ्याने हलणार नाही." हे मी निरीक्षक म्हणून सांगत नाहीये, असंही ते पुढे म्हणाले. मग कोण म्हणून सांगतोय, ते त्यांना नेमकं सुचलं नाही.

दुकानदाराने खोकं उघडलं. चुंबक किती जबरदस्त आहे, ते दोन भाग जवळ आणले तर कळतं, असं म्हणत त्याने ते जवळ आणले आणि त्यात त्याचंच बोट सापडलं. पुढची काही मिनिटं फलकसाहेब एक भाग आणि गिऱ्हाइकांतला एक जण दुसरा भाग ओढत होते. बोट सुटलं. त्यानंतर दुकानदाराने जे सांगितलं ते फार मनापासून सांगितलं: काचेवर चढलेली शेवाळाची गुलाबी खरवड आधी साफ करा, पंप समुद्रफुलापासून लांब लावा, तोंड किंचित वर ठेवा, आणि बोटं सांभाळा.

शनिवारी दुपारी पंप बसला. तोवर नवरा-बायको आळीपाळीने तांब्याने टाकीतलं पाणी ढवळत होते. बायकोने बाहेरचा भाग टाकी आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद फटीत सरकवला, त्यांनी आतला काचेला नेला, आणि दोघं एकमेकांना असे भिडले की टाकी दचकल्यासारखी वाटली. वाटेत चुंबकाने कपाटाची किल्ली, कात्री आणि फलकसाहेबांच्या ओळखपत्राचा चिमटा ओढून घेतला. बटण दाबलं. पाणी टाकीभर सावकाश वळू लागलं. समुद्रफुलाने एक एक करत सगळी बोटं उघडली आणि मासे त्यात शिरले. फलकसाहेबांनी पंप दोन्ही हातांनी धरला. ओढला. ढकलला. तो हलला नाही.

इथे थांबले असते तर.

पण पंपाला आधार एकच होता. दोन चुंबक हे दोन आधार धरायचे की एक, यावर त्यांनी चहा होईपर्यंत विचार केला आणि एक, असं ठरवलं. मग अॅल्युमिनियमची पट्टी आणली, ती बाहेरच्या चुंबकावरून आडवी घेतली, दोन्ही टोकं भिंतीत स्क्रूने आवळली, आणि चुंबक, पट्टी, भिंत यांच्यातल्या सगळ्या फटी सिलिकॉनने भरून टाकल्या. काही आत जाऊ नये म्हणून टाकीवर जुनी चादर टाकायलाही ते विसरले नाहीत. काम अतिशय सुबक झालं. मुख्याध्यापकांनी वर येऊन पाहिलं आणि म्हणाले, आता इमारत पडली तरी पंप राहील. दंतवैद्यांनी याला कायमची कवळी म्हटलं. त्या संध्याकाळी फलकसाहेब बऱ्याच दिवसांनी दोन घास जास्त जेवले.

रविवारी सकाळी आठ वाजता त्यांनी टाकीवरचा दिवा लावला, तेव्हा समुद्रफूल दगडावर नव्हतं.

ते काचेवर होतं. दगडांची जुनी रचना मोडली होती, पाण्याची दिशा बदलली होती, आणि ही जागा आपल्याला मानवत नाही असं ठरवून त्याने बिऱ्हाड हलवलं होतं. समुद्रफूल चालतं, हे फलकसाहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. त्याला पाय एकच असतो, तोही बुडाशी, आणि तो पसरत आक्रसत ते इतकं हळू सरकतं की बघताना कळत नाही. चहा घेऊन परत आल्यावर कळतं. चहा घेऊन परत आल्यावर फलकसाहेबांना कळलं, की ते पंपाकडे निघालंय.

पंप मागून पाणी ओढतो. समुद्रफूल त्यात ओढलं गेलं तर त्याच्या चिंध्या होतील, आणि त्या चिंध्यांनी टाकीतलं पाणी नासून मासेही जातील, एवढं समजायला तज्ज्ञ लागत नव्हता. त्यांनी पंप बंद केला. थोड्या वेळाने मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. त्यांनी पंप चालू केला. समुद्रफूल सरकलं. पंप काढून दुसऱ्या बाजूला लावणं हा सरळ उपाय होता. पण पंप हलत नव्हता; बाहेरचा भाग भिंतीला जखडलेला, आणि त्याच्याशिवाय आतला दुसरीकडे चिकटणार नव्हता. तो हलू नये यासाठी जे जे करायला हवं, ते ते सगळं त्यांनी कालच केलं होतं.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी आजवर केली नव्हती. मुलीला स्वतः फोन लावला. ती बसमध्ये होती.

"बोला बाबा. काय झालं?"

फलकसाहेबांनी एक शब्द उच्चारला. हा शब्द त्यांनी हजारो वेळा उच्चारला होता, पण या आवाजात कधी नाही.

"हलतंय."

तिने तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याचं उत्तर ऐकल्यावर ती म्हणाली, "भिंतीला सिलिकॉन?" आणि पलीकडून असा आवाज आला की ती हसली की रडली ते बसच्या घरघरीत कळलं नाही. मग तिचा आवाज एकदम कामाचा झाला. समुद्रफुलाला ओढू नका, फाटेल. प्लास्टिकची मोठी गाळणी घ्या, धातूची नको. पंपाच्या मागे धरा, म्हणजे चालू ठेवता येईल. हात पाण्याबाहेर ठेवा, दांडा धरा. बाकीच्यांना सिलिकॉन कापायला लावा. आणि फोन बंद करू नका.

बायकोने गाळणी आणली. ती चहाची नव्हती, भाज्या धुवायची, लांब दांड्याची. ही परत स्वयंपाकघरात येणार नाही, हे तिने तिथल्या तिथे जाहीर केलं आणि मोबाइल काचेसमोर धरून उभी राहिली. मुख्याध्यापकांना तिने बोलावून घेतलं होतं. त्यांना बटणापाशी उभं केलं. 'बंद' म्हटलं की बंद, 'चालू' म्हटलं की चालू. त्यांनी ते काम वर्गातल्या शिस्तीने घेतलं. दंतवैद्य हत्यारांची पेटी घेऊन आले. टाकी आणि भिंत यांच्यामध्ये हात जेमतेम शिरत होता, उजेड नव्हता, आणि जे खरवडायचं ते दिसत नव्हतं. त्यांनी छोटा गोल आरसा आत घातला, डोक्याला दिवा लावला आणि समाधानाने म्हणाले, "अक्कलदाढेपेक्षा सोपं आहे."

"किती वेळ?" मोबाइलमधून मुलीने विचारलं.

"थोडंसंच राहिलंय," दंतवैद्य म्हणाले. हे ते सगळ्यांना सांगतात.

दहा वाजून गेले. फलकसाहेब खुर्चीवर उभे होते, गाळणीचा दांडा दोन्ही हातांत, नजर खाली. समुद्रफूल गाळणीपासून चार बोटांवर आलं होतं. एक मासा त्याला सोडून पुढे आला, गाळणीच्या जाळीला दोनदा टोचून परत गेला. मुलगी मोबाइलवर अधूनमधून बोलत होती. बस नाक्यावर पोचली. उतरले. गाडी मिळाली. एकदा तिने विचारलं, "बाबा, सकाळपासून काही खाल्लंत का?" आणि त्यांनी नाही म्हटलं, तेव्हा ती आईला काहीतरी म्हणाली. आई म्हणाली, "ते खाली उतरत नाहीयेत. मी काय भरवू?"

दंतवैद्यांनी पट्टीचा एक स्क्रू काढला होता, दुसरा फिरत होता पण निघत नव्हता. सिलिकॉनची बरीच कोरीव कात्रणं फरशीवर पडली होती. मुख्याध्यापकांनी विचारलं की हे शेवटी खाली त्यांच्याच छतातून गळणार ना. फलकसाहेबांच्या खांद्यांतून कळा येत होत्या. त्यांना वाटलं, एकदा हात बदलावा. मग वाटलं, नको.

"अहो," बायको म्हणाली.

"काय?"

"तुमचा हात हलतोय."

फलकसाहेबांनी कोपर टाकीच्या कडेला टेकवलं. बायकोने एका हाताने मोबाइल धरला आणि दुसरा त्यांच्या मनगटाखाली लावला. गाळणी स्थिर झाली.

अकराला काही मिनिटं कमी असताना समुद्रफूल गाळणीपासून तीन बोटांवर होतं आणि त्याचा पाय अर्धा उचललेला होता. तो कुठल्या बाजूला टेकणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक. दुसरा स्क्रू अजून भिंतीत होता. पंप चालू होता. दोन्ही मासे दिसत होते. खाली फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि तोच आवाज मोबाइलमधूनही आला. दार उघडायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.